धर्माच्या रकान्यात

तेलगावात आमच्या मंडळीच्या हॉलमध्ये शिरलं की समोरच्या भिंतीवर 'आमचा विश्वास' लिहिलेला दिसायचा. निवडणुकीच्या भिंती रंगवणाऱ्या पेंटरकडून मीच तो निळ्या ऑइल पेंटने लिहून घेतला होता. बायबल हे देवाचं वचन, विश्वासासाठी आणि आचरणासाठी तोच शेवटचा आधार. देव एकच: पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा. येशू ख्रिस्त कुमारीपासून जन्मला, आमच्या पापांसाठी वधस्तंभावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला आणि पुन्हा येणार आहे. तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे. पुण्य साठवून ते मिळत नाही. प्रत्येकाने स्वतः पश्चात्ताप करावा, नव्याने जन्मावं आणि पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घ्यावा. सगळे विश्वासी याजक आहेत. त्याखाली मूल्यं: प्रार्थना, पवित्रता, सत्य, सेवा, सुवार्ता. पेंटरने 'पुनरुत्थान' हा शब्द चुकवला होता. ते बऱ्याच वर्षांनी एका पाहुण्या वक्त्याने माझ्या लक्षात आणून दिलं. मी रोज त्या भिंतीकडे पाठ करूनच बोलायचो, मला कुठून दिसणार?

त्या विश्वासाबद्दल माझी तक्रार नाही. आजही त्यातलं एक कलम खोडावं असं मला वाटत नाही. त्या भिंतीपुढे उभं राहून मी जे केलं, ते इथे लिहितोय.

मी धारूरच्या डोंगरपट्ट्यातला, मांगवाड्यातला. वडील हलगी वाजवायचे. मी पुण्याकडे गेलो, भोसरीत एका कंपनीत लागलो आणि पगार दारूत घालू लागलो. शेजारच्या मशीनवरच्या एका माणसाने मला प्रार्थनासभेला नेलं. तिथे मला जे भेटलं ते खरं होतं, एवढंच म्हणतो. दारू सुटली. बायबल स्कूल केलं आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत सेवक म्हणून तेलगावला आलो. लोक 'फादर' म्हणायचे, मग 'पास्टर' म्हणू लागले. आपले वाड्यावरचे लोक बरीच वर्षं हलगीवाल्याचा पोरगाच म्हणत होते.

तेलगाव म्हणजे चौफुली. बीडहून वडवणीमार्गे परळीला जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूर-केजकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना कापतात. साखर कारखाना गावालाच लागून. गाळप सुरू झालं की मळीचा वास घरातल्या पांघरुणालासुद्धा लागतो. तरीही आसपासच्या वाड्या-तांड्यांवरची माणसं दसरा-दिवाळी झाली की सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कर्नाटकाकडे ऊस तोडायला जातात. मुकादमाची उचल ज्या कारखान्याच्या नावाने घेतली तिथे जावं लागतं, घराजवळ कोणता आहे याला किंमत नसते. नवरा-बायको मिळून एक कोयता. माझी मंडळी जवळजवळ सगळी कोयत्यांची. म्हणजे वर्षातले सहा महिने माझ्यासमोर म्हाताऱ्या, आजारी माणसं आणि मागे ठेवलेली पोरं.

आमच्या संस्थेच्या वरच्या कार्यालयाला दर तिमाहीला अहवाल जायचा: नवे विश्वासी किती, बाप्तिस्मे किती. हंगामातल्या दोन तिमाह्या माझ्या कोऱ्याच जाणार हे ठरलेलं. म्हणून पावसाळा संपता संपता माझी घाई सुरू व्हायची. माजलगाव धरणाचं पाणी भरलेलं असायचं. तिथे टेम्पोने माणसं न्यायची, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून प्रश्न विचारायचे, बुडवायचं, बाहेर काढायचं. एकदा एका वयस्कर माणसाला मी विचारलं, ख्रिस्त तुमच्या पापांसाठी मेला हे तुम्ही मानता का? तो म्हणाला, "तुम्ही म्हनता तर मेला असंल." मी त्याला बुडवला. अहवालात तो एक आकडा झाला.

आमच्या विश्वासात तर नेमकं उलट आहे. कुणी जन्माने ख्रिस्ती होत नाही, कुणाच्या सांगण्यावरून होत नाही. माणसाने स्वतः समजून, स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं असतं. लहान बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या जुन्या मंडळ्यांवर आम्ही याच कारणावरून टीका करायचो. आणि मी मोठ्या माणसांना बाळं करून पाण्यात नेत होतो. हंगामात त्यांच्या कोपीवर मी क्वचितच गेलो. जायला पैसे लागायचे हे खरं. पण पाचटाच्या कोपीत निजायचं आणि पहाटे चारला टोळीबरोबर उठायचं, याचा कंटाळाही होता. अहवालात लिहायला मी एक शब्द शोधून काढला होता: 'हंगामी अनुपस्थिती'. अनुपस्थित ते नव्हते, मी होतो.

तरी यातलं पुष्कळ सुधारता येण्यासारखं होतं आणि पुढे थोडंफार सुधारलंही. पुढची गोष्ट तशी नाही.

२००८ चा जून. पेरण्या चालू होत्या. आमच्या मंडळीतले एक भाऊ, गाडीवान, संध्याकाळी मुलीला घेऊन घरी आले. तिला दहावीला चांगले मार्क पडले होते. तालुक्याला मागासवर्गीय मुलींच्या शासकीय वसतिगृहात अर्ज करायचा होता. दसऱ्यानंतर आईबाप जाणार, घरी कुणी नाही. गावोगावची हंगामी वसतिगृहं आठवीपर्यंतच्याच पोरांसाठी. ही जागा मिळाली तर पोरगी अकरावीला राहणार होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद होते: गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्डाची झेरॉक्स, जातीचा दाखला. फॉर्म मुलीने स्वतःच्या अक्षरात भरला होता. वळणदार अक्षर, कुठे खाडाखोड नाही. एकच रकाना मोकळा होता.

"बाकी समदं तिनं लिवलंय," भाऊ म्हणाले. "धर्माचं तेवढं तुम्हाला इचारावं म्हनलं."

मी बाजेवर बसलो होतो, ते खाली. मी म्हणालो, "बाप्तिस्मा घेतलात ना भाऊ? मग विचारायचं काय त्यात?"

"दाखला हिंदू मांगचा हाय ना, पास्टर. जुळंल का?"

"देवावर भरवसा ठेवा."

मुलीने बापाकडे पाहिलं. बापाने मान हलवली. तिने माझ्या पायरीवर फॉर्म टेकवून 'ख्रिश्चन' असं लिहिलं, त्याच वळणदार अक्षरात. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. त्यानंतरच्या रविवारी उपासनेत या कुटुंबाच्या धैर्याची साक्षही मीच सांगितली, नाव घेऊन. लोकांनी 'हालेलुया' म्हटलं.

अर्ज परत आला. कारकून सरळ माणूस असावा. त्याने फॉर्म फाडला नाही, की दोन शब्द वाईट बोलला नाही. हा दाखला आणि हा रकाना एकत्र चालत नाहीत, एवढंच सांगून कागद बापाच्या हातात दिले. त्याचं बरोबर होतं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. मला हे अंधुक माहीत होतं. कुठल्या साली काय झालं, हे मी नंतर वाचलं. आमच्या हॉलपलीकडे राहणारे बौद्ध शेजारी मला हे सगळं तोंडपाठ सांगू शकले असते. मी कधी विचारलं नाही, कारण त्यांच्याकडे मी फक्त सुवार्ता सांगायला जात होतो.

भाऊ पुन्हा आले. आता काय करावं म्हणाले. मी नगरकडच्या एका मिशनच्या वसतिगृहाला पत्र टाकलं. उत्तर आलं नाही. दुसरं पत्र मी टाकलं नाही. दसरा झाला आणि ती पोरगी आईबापाबरोबर गाडीवर बसून गेली. पुढच्या वर्षी कोयता पुरा करायचा म्हणून तिचं लग्न लावलं. अठरा पूर्ण व्हायला तिला अजून वेळ होता. लग्नात आशीर्वादाची प्रार्थना मीच केली. नाही म्हणण्याइतकी नैतिक ताकद माझ्यात त्या वेळी कुठून येणार होती, हे आता सांगतो.

भाऊंचा फॉर्म माझ्या पायरीवर भरला गेला त्याच्या तीन वर्षं आधी माझ्या मुलाने शासकीय तंत्रनिकेतनात पदविकेला प्रवेश घेतला होता. राखीव जागेवर. त्याच्या आणि माझ्या दाखल्यावर तेच होतं जे भाऊंच्या दाखल्यावर होतं: हिंदू, मांग. पालकाची सही माझी. त्या वेळी माझ्याकडे युक्तिवाद तयार होता, आणि तो अगदीच फुसका नव्हता. बाप्तिस्म्याने पाप धुतलं गेलं, जात कुठे धुतली गेली? चौफुलीवरच्या हॉटेलात मला कोणत्या कपात चहा मिळतो, हे माझ्या नव्या जन्मावरून ठरत नव्हतं. सरकार ज्या अन्यायाची भरपाई देतं तो अन्याय जर संपला नाही, तर भरपाई का सोडायची? दिल्लीत अजून हाच वाद चालू आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग याच प्रश्नासाठी नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात सांगितलं, की ख्रिस्ती धर्म पाळत राहून केवळ नोकरीसाठी हिंदू असल्याचा दावा करणं ही राज्यघटनेची फसवणूक आहे. मोठ्या माणसांना न सुटलेलं कोडं मला पायरीवर बसून सुटलं असतं, असं मी म्हणत नाही.

पण हा सगळा विचार मी माझ्या मुलासाठी केला होता. रात्र रात्र केला होता. भाऊंच्या मुलीसाठी मी अर्धा मिनिटही केला नाही. मला जे ठाऊक होतं ते त्यांच्यापुढे ठेवलं असतं, कायदा काय म्हणतो, यात काय जाईल, मी स्वतः काय केलं, तर त्यांना निदान निवडता आलं असतं. सगळे विश्वासी याजक आहेत असं आमची भिंत सांगत होती. याजकाने विचारलेल्या प्रश्नाला मी सुविचार फेकून उत्तर दिलं. त्यांच्या कागदावर मी शूर झालो.

त्यानंतरही मी चांगला प्रचारक होतो. हे उगीच नम्रतेपोटी लपवत नाही. पंडिता रमाबाई हा माझा हातखंडा विषय. केडगावच्या मुक्ती मिशनमधलं १९०५ चं संजीवन मी असं सांगायचो की बाया रडायच्या. रात्रभर चाललेल्या प्रार्थना, पापांची कबुली, मुली गुडघ्यांवर. त्या मुली केडगावला आल्या कशा, हे मात्र मी कधी सांगितलं नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, टाकून दिलेल्या बायका-मुली घेऊन आल्या. पुढे गुजरातच्या दुष्काळातल्याही आणल्या. त्यांना वाचायला शिकवलं, विणकाम, शेती, छापखान्याचं काम शिकवलं. बायबलचं भाषांतर करणारी बाई धान्याच्या पोत्यांचा हिशेबही बघत होती. मी कायम १९०५ पासून सुरुवात करायचो.

जामखेडलाही मी गेलो होतो. आमच्या जिल्ह्याच्या सीमेलगतच ते. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे १९७० मध्ये तिथे आले आणि त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक अक्षरओळखही नसलेल्या बायकांना आरोग्य सेविका केलं. त्यांतल्या कितीतरी आमच्यासारख्या वस्त्यांतल्या. बाळंतपण, पोरांचं वजन, पिण्याचं पाणी हे सगळं त्या बघू लागल्या. १९७९ मध्ये त्या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती. आणि मी दिवसभर त्या आवारात फिरून एकच शोधत होतो: इथे बायबलचे वर्ग कुठे चालतात? परत येताना एसटीत सोबतच्या सेवकाला म्हणालो, "काम मोठं आहे, पण सामाजिक आहे." त्यानेही मान डोलावली. सुवार्ता आणि सामाजिक जबाबदारी या दोन्ही गोष्टी ख्रिस्ती कर्तव्यातच येतात, आणि त्यांना एकमेकींच्या विरोधात उभं केल्याबद्दल आम्हाला खेद आहे, अशी कबुली १९७४ च्या लोझान करारात जगभरच्या इव्हँजेलिकल पुढाऱ्यांनी देऊन ठेवली होती. बायबल स्कूलमध्ये मी ती पाठ केली होती. परीक्षेत त्यावर टीप यायची.

जामखेडहून मी काही शिकून आलो असतो तर पुढच्या काही वर्षांत बायका मला जे सांगत होत्या ते माझ्या कानात तरी शिरलं असतं. घरोघरच्या प्रार्थनासभेत विनंत्या यायच्या. कर्ज फिटावं, बैल बरा व्हावा, नवऱ्याची दारू सुटावी. आणि अधूनमधून एखादी बाई पदर सावरत सांगायची, "पिशवीचं आपरेशन झालं, पास्टर. आता कटकट गेली." तिशीतल्या बायका. कुणी तिशीच्याही आतल्या. मी डोळे मिटून आभार मानायचो: प्रभू, तू डॉक्टरांचे हात वापरलेस, तुझ्या लेकीला बरं केलंस. मग चहा यायचा.

एकीला सुद्धा मी विचारलं नाही की पिशवी का काढली, कुणी सांगितलं, दुसऱ्या कुणा डॉक्टरांना दाखवलं का, पैसे कुठून आणले. पैसे बहुतेक उचलीतून आले होते, म्हणजे ते फेडायला पुन्हा कोयता. पाळीच्या दिवसांत काम बुडलं तर खाडा लागतो, दंड कापला जातो. कोपीला मोरी नाही, आडोसा नाही. अंगावरून जातंय म्हणून दाखवायला गेलं की कॅन्सरची भीती घातली जायची. हे सगळं त्या बायकांना माहीत होतं. बाईमाणसाच्या गोष्टी पाळकाने विचारू नयेत, हा माझा संकोच. आणि मंडळीच्या कमिटीत बाई एकही नव्हती, जिने विचारलं असतं. कमिटीत बाया का नाहीत याचं उत्तर मी वचनातून काढून दाखवत असे.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रिया वर्तमानपत्रांत गाजू लागल्या. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. मी ते चहा पिताना वाचलं. आकडा मला समजला नाही. चेहरे समजले. माझ्याच मंडळीतल्या एकेक घराचं दार डोळ्यांपुढे येऊ लागलं, जिथे मी या गोष्टीबद्दल देवाचे आभार मानले होते. बायकोला विचारलं, तुला माहीत होतं का? ती म्हणाली, "सगळ्या बायांना माहीत होतं. तुम्ही कवा इचारलं?"

त्या पावसाळ्यात, टोळ्या जाण्याआधीच्या एका रविवारी, मी संदेश बाजूला ठेवला. आधी ऑपरेशनांचं बोललो. ज्यांच्या घरी मी आभार मानले त्यांची माफी मागितली. काहीजणी रडल्या, काहीजणींना मी हे चारचौघांत काढलं म्हणून राग आला, आणि तो राग रास्त होता. पुन्हा एकदा मी त्यांना न विचारता त्यांचं काहीतरी बोलून दाखवलं होतं. मग माझ्या मुलाच्या दाखल्याचं सांगितलं. मुलाला आधी फोन करून विचारलं होतं. तो नाशिकला नोकरीला आहे. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "सांगा, पण मी येणार नाही." त्यानंतर वर्षभर तो आलाही नाही.

भाऊ तिसऱ्या रांगेत बसले होते. उपासना संपल्यावर चपला शोधत असताना मी त्यांना गाठलं. काय बोलायचं ते ठरवलं होतं, ते सगळं विसरलो.

"म्हाईत व्हतं मला," ते म्हणाले. "तुमच्या पोराचं. तवाच म्हाईत व्हतं. गावात काय झाकून ऱ्हातंय व्हय?"

मग माझं ऐकलं कशाला, असं मी विचारलं.

"म्हनलं, पास्टर आपल्या पोराच्या टायमाला चुकले, आता शहाने झाले आसतील."

ते चपला घालून गेले. पुढच्या रविवारी आले, त्याच्या पुढच्याही आले. दोन कुटुंबं मात्र मंडळी सोडून गेली. एक, मी फसवलं म्हणून. दुसरं, मी सांगितल्यामुळे आता त्यांच्याही दाखल्यांची चौकशी होईल या भीतीने. दुसऱ्या कुटुंबाचं मला जास्त लागलं.

महिन्याच्या कमिटीत सचिवांनी विचारलं, त्या रविवारचं इतिवृत्तात काय लिहायचं? जसं झालं तसं लिहा म्हटलं. त्यांनी पेन थांबवून खजिनदारांकडे पाहिलं, खजिनदारांनी छताकडे. अहवाल वरच्या कार्यालयाला जाणार होता. शेवटी त्यांनी जे लिहिलं त्यावर माझी सही आहे: 'पाळकांनी साक्ष दिली. उपस्थिती चांगली होती.'